आपोआप पडणारा गिअर

आमच्या अण्णांनी एस.टी.त एकतीस वर्षं गाडी चालवली. त्यांच्या मते जगात आपोआप होणाऱ्या गोष्टी तीनच. डोक्याचे केस पिकतात, सोसायटीच्या कर्जाचं व्याज चढतं आणि मे महिन्यात कुंभार्ली घाटात रेडिएटर उकळतो. बाकी सगळं माणसाला हातानं करावं लागतं.

एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांच्या मुक्कामाला आमच्याकडे मिशिगनला आले. विमानतळावरून घरी येताना पाचेक मैल गप्प होते. मग म्हणाले, "लेका, गिअर कधी टाकणार?"

"ऑटोमॅटिक आहे अण्णा. आपोआप पडतो."

अण्णांनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा माझ्या रिकाम्या हाताकडं. "मग तू इथं कशाला बसलायस?"

सिग्नल आला. मी ब्रेक दाबला. शेजारी अण्णांचा डावा पाय गाडीच्या मॅटवर खोल रुतला.

तिकडं मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात वेगळाच गिअर अडकला होता.

झालं होतं असं की आमच्या मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे. चोवीस ढोल, सहा ताशे, एक ध्वज आणि दरवर्षी तोच एक प्रश्न: हे सगळं न्यायचं कशातून? मिनिव्हॅनच्या मागच्या सीटा पाडून नेता नेता पथकातल्या चार संसारांत कुरबुरी झाल्या. शेवटी मी छातीठोकपणे सांगितलं की मी पिकअप घेतो. आणि घेतली. १९७८ सालची शेवरोले सी-१०. निळी, लांब, माझ्याहून थोडी मोठी.

इथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्यामुळं मिशिगनमधली जुनी गाडी म्हणजे मुरलेलं लोणचं. मसाला ओळखू येतो, फोड हाताला लागत नाही. आमची गाडी ॲरिझोनातून आलेली असल्यानं पत्रा शाबूत होता. फक्त इंजिन गेलं होतं. पथकातल्या एकानं गाडीभोवती प्रदक्षिणा घालून सांगितलं, "पिकपला पिकप नाही."

इंजिन बदलायचं ठरलं. इथं तो घरगुती उद्योग आहे. आपल्याकडं जसं दिवाळीच्या आधी घर साफ करायला काढतात, तसं इथले लोक उन्हाळ्यात गॅरेजमध्ये इंजिन काढतात. आणि त्यात जवळजवळ सगळे एकाच वाटेनं जातात. जनरल मोटर्सनं १९९७ मध्ये कॉर्व्हेटमध्ये नव्या घराण्याचं व्ही-८ इंजिन आणलं. त्याचा ५.३ लिटरचा बिडाचा, कष्टाळू भाऊ १९९९ पासून सिल्व्हराडो ट्रकमध्ये बसू लागला. असे ट्रक लाखांनी विकले गेले, मग त्याच हिशेबानं भंगारातही आले. मी २००४ सालच्या अपघातग्रस्त सिल्व्हराडोतलं इंजिन भंगारवाल्याकडून उचललं. त्यानं ते आहे तसं आख्खं दिलं. मागं लटकणारं धूड, वायरींचं जंजाळ, कॉम्प्युटरचा डबा, सगळं. बाकीच्या पसाऱ्यावर ताडपत्री टाकून मी तो गॅरेजच्या कोपऱ्यात सरकवला आणि मोकळ्या मनानं मूळ प्रश्नाकडं वळलो: या इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणता लावायचा?

या प्रश्नासाठी मला देवानं शेजारी दिला होता. पंच्याहत्तरीचे, निवृत्त, एकटे. अण्णांनी त्यांना पहिल्या भेटीतच नाव ठेवलं, 'हेडमिस्त्री'. त्यांची हयात गेली इप्सिलँटीजवळच्या विलो रनच्या कारखान्यात. या कारखान्याची पत्रिकाच निराळी. दुसऱ्या महायुद्धात तिथं फोर्ड कंपनी बी-२४ बॉम्बर विमानं बनवत होती. युद्धानंतर जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना होता लिव्होनियात. १२ ऑगस्ट १९५३ ला तो आगीत बेचिराख झाला आणि काही आठवड्यांतच गिअरबॉक्सनी विमानांच्या छपराखाली बिऱ्हाड थाटलं. ते बिऱ्हाड २०१० पर्यंत टिकलं. हेडमिस्त्रींनी त्या छपराखाली तीस वर्षं गिअर जुळवले.

अण्णांना इंग्रजी येत नाही, हेडमिस्त्रींना मराठी येत नाही. पण गिअर, क्लच, प्लेट, बेअरिंग आणि ऑइल हे पाच शब्द दोघांचे सामाईक निघाले. त्या पाच शब्दांवर त्यांनी सहा महिने आरामात काढले. अधूनमधून मी दुभाष्याचं काम करायचो. एरवी गॅरेजमधलं माझं पद बॅटरी धरणाऱ्याचं. लहानपणी अण्णा स्कूटर खोलायचे तेव्हाही मी हेच करायचो आणि "उजेड कामावर पाड, तुझ्या तोंडावर नको" हे ऐकायचो. सातासमुद्रापलीकडं येऊन, कॉम्प्युटरची पदवी घेऊनही बढती मिळालेली नव्हती.

मी नोकरीनं सॉफ्टवेअरवाला. आमच्यात कोणताही निर्णय घेण्यापूर्वी तक्ता करतात, म्हणजे निर्णय घेतला नाही तरी काम झाल्यासारखं वाटतं. मी तक्ता केला. उभ्या रकान्यात गिअरबॉक्स, आडव्या रकान्यांत गुण.

पहिला उमेदवार गाडीचा स्वतःचा. टर्बो ३५०. हा प्रकार १९६९ साली आला. तीन गिअर, वायरींचा पसारा नाही, कॉम्प्युटर नाही. अण्णांना तो तत्काळ आवडला. "गरीब गाय आहे," ते म्हणाले. पण त्याचा तिसरा गिअर सरळ, म्हणजे इंजिन एक फिरलं की मागचा शाफ्टही एकच फिरणार. आमच्या मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३ आणि टायर २८ इंची. मी गणित केलं. ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३,१०० फेरे मारणार. शिकागोला वादनाला जायचं तर चार-साडेचार तास कानाशी पिठाची गिरणी.

शिवाय एक गंमत होती. नव्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जोडायला गेलं की सहापैकी पाच बोल्ट जुळतात. सहाव्याला समोर भोकच नसतं. आणि नव्या इंजिनाच्या क्रँकचा मागचा तोंडवळा जुन्यापेक्षा दहा मिलिमीटर आत, म्हणून मध्ये तेवढ्या जाडीची चकती घालावी लागते. अण्णा म्हणाले, "पाच जुळले की बास. माणसं दोन जुळले तरी मांडव घालतात." मी तक्त्यात 'चकती' असा नवा रकाना वाढवला.

दुसरा टर्बो ४००. १९६४ चा, कॅडिलॅकच्या खानदानातला, हाडापेरानं मजबूत. पण गिअर पुन्हा तीनच. गिरणी तीच, मालक वेगळा.

तिसरा ७००आर४, १९८२ चा. याला चार गिअर. पहिला ३.०६, म्हणजे जागेवरून ओझं उचलायला दणकट, आणि चौथा ०.७०. तेच ७० मैल २,२०० फेऱ्यांत. मी हुरळलो. तेवढ्यात हेडमिस्त्रींनी बोट वर केलं आणि म्हणाले, "टीव्ही केबल."

मी भाषांतर केलं. अण्णा चकित झाले. "गिअरबॉक्सला टीव्हीची केबल?"

हा टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. ॲक्सलरेटर किती दाबलाय हे गिअरबॉक्सला कळवणारी ती तार. त्या निरोपावर तो आतल्या तेलाचा दाब ठरवतो. तार नीट ताणलेली नसली तर निरोप चुकीचा जातो, दाब कमी पडतो, क्लचच्या प्लेटा घसरतात आणि थोड्याच दिवसांत जळून काळ्या होतात. अण्णांनी मान डोलावली. "म्हणजे कंडक्टरनं घंटी चुकीची मारायची आणि भोगायचं ड्रायव्हरनं." तक्त्यात मी लाल रंग भरला.

पुढचे सगळे अंकांचे आणि अक्षरांचे. ४एल६०ई, ४एल८०ई. शासन निर्णयाचे क्रमांक वाटावेत असे. पण फोड सोपी आहे. ४ म्हणजे पुढचे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीत उभा बसणारा, ६० किंवा ८० ही ताकदीची पायरी आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक, कॉम्प्युटर चालवेल तसा चालणारा. १९९१ साली ८० आला, १९९३ मध्ये ६०.

आता गंमत बघा. ज्याला म्हणून विचारलं, त्यानं एकच सल्ला दिला: ८० घ्या. साठच्या नावाला सगळ्यांनी नाकं मुरडली. ऑटोमॅटिकच्या पोटात मध्ये एक सूर्य-गिअर असतो, त्याच्याभोवती ग्रह-गिअर. कोणाला धरून ठेवायचं आणि कोणाला फिरू द्यायचं यावर गिअर ठरतो. ६० मध्ये या सूर्याला धरणारं एक पत्र्याचं कवच असतं. ते झिजून सुटलं की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स, तिन्ही एकदम जातात. ग्रह फिरणं म्हणजे काय ते मला तेव्हा यांत्रिकदृष्ट्या कळलं.

८० चं तसं नाही. ट्रकांत, अवजड कामांत वापरलेला, पोलादी काळजाचा. आपल्याकडं पाहुणे दोनशे असले तरी हजार माणसांचं कार्यालय बघून येतात, तसं माझं मन ८० वर जडलं. तो बराच जड, बराच लांब, त्याचा पहिला गिअर २.४८ म्हणजे ६० पेक्षा उंच, शिवाय पैसे वेगळे. पण ताकद! आमच्या इंजिनाची शक्ती २८५ अश्वशक्तीच्या आसपास. ८० ला ती पुरणपोळीवर तुपाचा थेंब पडावा तशी वाटली असती.

त्यातच कोणीतरी दहा गिअरवाला सुचवला. हे खरं आहे, आजकालच्या पिकअपला दहा गिअर असतात. अण्णांनी ते दोनदा विचारून घेतलं. "दहा? अरे, आम्ही पन्नास माणसं आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या घेऊन अख्खा घाट दोन गिअरवर काढायचो." दहा बाद झाला.

मे गेला, जून गेला. रोज संध्याकाळी गॅरेजचं शटर वर, तीन खुर्च्या, थर्मासमध्ये चहा. तक्त्याचे रकाने एकोणीस झाले. हेडमिस्त्री कहाण्या सांगत. जगातला पहिला यशस्वी, घाऊक प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक म्हणजे हायड्रामॅटिक. १९४० च्या ओल्डस्मोबिलला तो ५७ डॉलर जादा मोजले की मिळायचा. युद्ध लागल्यावर तो चक्क रणगाड्यांत बसला. एम-५ स्टुअर्ट रणगाड्याला दोन कॅडिलॅक इंजिनं आणि प्रत्येकाला एक हायड्रामॅटिक. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते अर्ल थॉम्पसन, ज्यांनी त्याआधी गिअर न किरकिरता पडावेत म्हणून सिंक्रोमेश शोधून काढला होता. हे ऐकल्यावर अण्णांनी पहिल्यांदा आदरानं कान टवकारले. त्यांची पहिली काही वर्षं सिंक्रोमेश नसलेल्या गाड्यांवर गेली होती. प्रत्येक गिअरला दोनदा क्लच. दिवसाला किती वेळा, हे ते डाव्या गुडघ्यावर हात ठेवून सांगतात.

जुलैत हेडमिस्त्रींनी मला अखेर तो प्रश्न विचारला, जो एप्रिलमध्ये विचारायला हवा होता. "ही गाडी करणार काय?"

मी खरं उत्तर दिलं. वर्षातून दोनदा शिकागो. आठवड्याला वाणसामान. आणि गणपतीच्या दिवशी शाळेच्या पार्किंगमध्ये मिरवणूक. मागं मूर्ती, पुढं पथक, वेग चालत्या माणसाचा. दर वीस पावलांवर थांबायचं, कारण नाचणारे पुढं सरकत नाहीत.

हेडमिस्त्री विचारात पडले. मिरवणूक ऑटोमॅटिकला वाईट. का, ते अण्णांनी मला समजावलं, हेडमिस्त्रींच्या हातवाऱ्यांवरून समजून घेऊन. "तुझी आज्जी ताक करायची आठवतं? रवी फिरली की डेऱ्यातलं ताक फिरतं. रवीचा आणि डेऱ्याचा सांधा नाही, मध्ये नुसतं ताक. तसं इंजिन म्हणजे रवी. ती तेल घुसळते, तेल समोरच्या पंख्याला फिरवतं. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही ते यामुळं. पण गाडी जागच्या जागी आणि रवी चालूच, म्हणजे काय होणार?"

"लोणी निघणार?"

"गरमी निघणार, गाढवा."

वेग धरला की आतला एक क्लच रवी आणि डेरा एकत्र जखडतो, मग घुसळणं बंद. मिरवणुकीत तो वेग कधी येतच नाही. म्हणून तेल थंड ठेवायला पुढं एक वेगळा कूलर बसवायचा ठरला. तीन महिन्यांत पक्का झालेला हा पहिला निर्णय. आम्ही त्या दिवशी जिलबी खाल्ली.

ऑगस्ट उजाडला. पथकाच्या तालमी सुरू झाल्या. गॅरेजमधल्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीवर ताशे ठेवायची मुलांना सवय लागली होती. जागा सपाट, उंची बेताची. एका शनिवारी मी तक्त्याची अकरावी आवृत्ती छापून आणली. त्यात ८० जिंकला होता. गुण ७८.५. मी पैसे भरायला फोन उघडला.

अण्णा ताशे हलवत होते. ताडपत्री सरकली. खाली तेलानं माखलेलं, तीन फुटी, राखाडी धूड. त्यांनी बुटानं त्याला हलकेच ढोसलं.

"हे काय आहे?"

"ते इंजिनाबरोबर आलं होतं."

"म्हणजे गिअरबॉक्स?"

"हो. साठ. ४एल६०ई."

"याच इंजिनाला होता?"

"हो."

"कारखान्यातनंच?"

"हो."

अण्णा ताशावर बसले. "बोल्ट किती जुळतात?"

मी हेडमिस्त्रींकडं बघितलं. त्यांनी सहा बोटं वर केली.

गॅरेजात शांतता पसरली. बोल्ट सहा. चकती नको. कॉम्प्युटरचा डबा ताडपत्रीखालीच, आणि तोच इंजिनही चालवतो अन् गिअरबॉक्सही. पहिला गिअर ३.०६, चौथा ०.७०, म्हणजे ज्या कारणासाठी मला ७००आर४ आवडला होता ते सगळं, टीव्ही केबल वजा करून. आणि ते सूर्याचं कवच? हेडमिस्त्रींनी खांदे उडवले. इंजिनाला मूळचीच शक्ती ठेवलीत, उगाच शर्यती लावल्या नाहीत, तेल थंड ठेवलंत, तर तो आपलं आयुष्य सरळ काढतो. आणि आता बाहेरच आहे तर उघडू, कवच नवं, मजबूत टाकू. एका दिवसाचं काम.

"हे तुम्ही एप्रिलमध्ये का नाही सांगितलं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तू विचारलंस, 'कोणता विकत घेऊ?'" ते म्हणाले. "'घेऊ का?' असं विचारलं नाहीस." मग थर्मासमधला उरलेला चहा कपात ओतत, जरा वेळानं, "आणि सांगितलं असतं तर उन्हाळाभर आपण तिघांनी काय केलं असतं?"

याचं भाषांतर अण्णांनी मला करू दिलं नाही. कळल्यासारखी मान हलवून त्यांनी आपला कप पुढं केला.

मी रात्री जागा राहून विचार केला. गाडीचा स्वतःचा एक गिअरबॉक्स होता. इंजिनाबरोबर एक आला होता. घरात दोन असताना मी चार महिने तिसऱ्याच्या शोधात होतो. कारण उघड होतं. जे शोधून, भांडून, तक्ता मांडून मिळत नाही, ते चांगलं असेल यावर आमचा विश्वासच बसत नाही. सबंध खटपट 'आपोआप' चालणाऱ्या यंत्रासाठी, आणि ते आपोआप आलं तेव्हा आम्ही त्यावर ताशे ठेवले.

पुढची कामं भराभर झाली असं म्हणायचं असतं, तसं काही झालं नाही. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा तीन इंच लांब, म्हणून त्याच्या खालचा आडवा दांडा मागं सरकवला, प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करून आणला. १९७८ च्या स्पीडोमीटरला तार लागते, २००४ च्या गिअरबॉक्समध्ये ती खोचायला जागाच नाही, त्यामुळं काटा आजही शून्यावर आहे. त्यावरचा तक्ता मी सुरू केलाय. कवच बदललं, कूलर बसला, लाल तेल ओतलं, बॅटरी मी धरली.

गणपतीच्या दिवशी पिकअप शाळेच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. मागं मखर, पुढं चोवीस ढोल. स्टिअरिंगवर मी, शेजारी धुवट पांढऱ्या शर्टात अण्णा, पलीकडच्या खिडकीशी हेडमिस्त्री, डोक्याला फेटा. तो त्यांना पथकातल्या मुलींनी बांधला होता आणि कानांवर उतरला होता.

ध्वज हलला. मी ब्रेकवरचा पाय सैल केला. खाली कुठंतरी तेल घुसळलं, ग्रह सूर्याभोवती लागले आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकली. वीस पावलं. पुढचे नाचायला थांबले. मी ब्रेक दाबला. पुन्हा वीस पावलं. पुन्हा ब्रेक.

हेडमिस्त्रींनी माझ्या बरगडीत... नव्हे, मध्ये अण्णा होते, म्हणून अण्णांच्या पोटावरून हात लांब करून माझ्या दंडाला टोचलं आणि खाली बघ अशी खूण केली.

गाडी थांबली की अण्णांचा डावा पाय खोल रुतत होता. सुटली की हलके हलके वर येत होता, प्लेट धरेपर्यंत जरा अडखळून, मग पूर्ण. अण्णांची नजर समोर मूर्तीच्या वाटेवर, ओठांवर मोरया. पायाचं त्यांना काही माहीतच नव्हतं.

हेडमिस्त्रींनी तीस वर्षं ज्या यंत्रात घातली, त्याकडं त्यांनी त्या दिवशी एकदाही लक्ष दिलं नाही. पार्किंगची फेरी संपेपर्यंत ते त्या पायाकडंच बघत होते. उतरताना मला म्हणाले, "हा कुठल्या सालचा?"